वाटाण्याचं रोप आणि दहा हजारांचं कर्ज: फाळक्यांच्या एका निर्णयाचा प्रकरण अभ्यास

१९११ च्या एप्रिलमध्ये धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके एकेचाळिसाव्या वर्षात होते. दादरचा चांगला चाललेला छापखाना भागीदारांशी न पटल्यामुळे त्यांनी सोडला होता आणि निघताना आपल्या वाट्याचे पैसेही मागितले नव्हते. नियमित उत्पन्न बंद, पदरात बायको-मुलं. त्याच महिन्यात, ईस्टरच्या दिवसांत, गिरगावातल्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातच कोरोनेशन थिएटरात त्यांचा पहिला चित्रपट ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला. मधे दोन वर्षं गेली.

पुढची गोष्ट मराठी वाचकाला पाठ आहे. ती सांगताना झपाटलेपण, विम्याची पॉलिसी आणि बायकोचे दागिने या तीन गोष्टी हमखास येतात. ऐकायला ती छान वाटते, पण करिअर बदलण्याच्या विचारात असलेल्या माणसाच्या ती फारशी कामाची नाही. झपाटलेल्या माणसाकडून झपाटणं शिकता येत नाही. म्हणून इथे त्या दोन वर्षांचा जमाखर्च मांडला आहे: कुठला पैसा कुठल्या टप्प्यावर गेला, तो जाण्याआधी कोणती शंका मिटलेली होती आणि कोणती शेवटपर्यंत उघडी राहिली. त्याच माणसाने १९१८ साली केलेला भागीदारीचा करारही शेजारी ठेवला आहे, कारण पहिल्या निर्णयातली शिस्त दुसऱ्यात दिसत नाही.

हातात काय होतं

‘चाळिशीत नवीन क्षेत्र’ असं आपण म्हणतो ते या प्रकरणात अर्धंच खरं आहे. १८८५ मध्ये फाळके मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले, १८९० मध्ये बडोद्याच्या कलाभवनात. चित्रकला, प्रतिमाकाम, फोटोग्राफी, हाफटोन ब्लॉक, फोटोलिथो हे सगळं त्यांनी हाताने केलेलं होतं. गोध्र्यात फोटो स्टुडिओ टाकला. त्याच काळात प्लेगच्या साथीत पहिली पत्नी आणि मूल गेलं. पुढे १९०३ पासून पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखक म्हणून नोकरी केली. ती सोडून लोणावळ्यात छापखाना काढला. राजा रविवर्मांच्या प्रेससाठी फोटोलिथोची कामं तिथे होत. छापखाना नंतर दादरला आला. १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रं आणायला ते स्वतः जर्मनीला गेले. मधल्या काळात जादूचे प्रयोगही केले, तेही ‘प्रोफेसर केल्फा’ या नावाने, म्हणजे आडनावाची अक्षरं उलटी करून.

बायोडेटा म्हणून हे विस्कळीत दिसतं. सिनेमाच्या बाजूने वाचलं की चित्र बदलतं. फिल्म धुणं हे डार्करूमचं काम, आणि त्यातली रसायनं, तापमान, वेळ यांची सवय वीसेक वर्षांची होती. पडदे रंगवणं आणि मांडणी ही चित्रकाराची कामं. गुप्त होणं, प्रकट होणं असले पौराणिक चमत्कार जादूगाराला नवे नव्हते. तीनरंगी छपाईत एक रंग दुसऱ्यावर केसभरही सरकून चालत नाही. तो काटेकोरपणा फिल्मची भोकं (यंत्राचे दाते ज्यांत अडकून फिल्म पुढे सरकते ती कडेची भोकं) पाडताना आणि प्रिंट काढताना जसाच्या तसा लागतो. परदेशातून यंत्र मागवणं, ते खोलून जोडणं, बिघडलं तर दुरुस्त करणं हेही छापखान्याने शिकवलं होतं.

कमी काय होतं ते मोजकं होतं: चित्रपटाचा कॅमेरा चालवण्याचा सराव, कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं तंत्र, स्टुडिओतल्या कामाचा क्रम आणि भांडवल. नाटकमंडळीबाहेरचे नट मिळवणं ही अडचण नंतर कळली.

आपल्या बाबतीत हा हिशेब करताना बहुतेक जण पदनाम लिहितात: ‘लेखापाल’, ‘शिक्षक’, ‘सुपरवायझर’. पदनाम दुसऱ्या क्षेत्रात चालत नाही. रोज हाताने किंवा डोक्याने काय करता ते क्रियापदांत लिहायचं आणि नव्या कामातही क्रियापदंच काढायची. दहापैकी सहा-सात जुळली तर उरलेली शिकायला काही महिने पुरतात. दोनच जुळली तर ती नवीन सुरुवात असते आणि तिचं बजेट वेगळं.

शंका मिटवण्याचा क्रम

पहिली शंका अगदी साधी होती: हे पडद्यावरचं चालतं कसं? तिच्यावर फाळक्यांनी फार थोडा पैसा घातला. रोज चार-पाच तास चित्रपट बघितले, परदेशातून कॅटलॉग आणि पुस्तकं मागवली, एक छोटा कॅमेरा आणि काही रिळं आणली आणि रात्री घरच्या भिंतीवर मेणबत्तीच्या उजेडात चित्रं पाडून पाहिली. इथली किंमत पैशांत नव्हती. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टीच गेली. उपचार आणि चष्मे यांमुळे ती परत आली. कमावता माणूस, उत्पन्न शून्य आणि डोळे गेलेले, ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत धोक्याची वेळ, आणि विम्यावरचं कर्ज तोवर काढलेलंही नव्हतं. बिनपैशाच्या टप्प्यातही माणूस पणाला लागू शकतो, ही नोंद हिशेबात सहसा नसते.

दुसरी शंका: एका माणसाला, भारतात, हे तांत्रिकदृष्ट्या जमेल का? तिचं उत्तर मुंबईत मिळण्यासारखं नव्हतं. बारा हजारांच्या विमा पॉलिसी गहाण टाकून दहा हजार उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ ला ते बोटीवर चढले. लंडनमध्ये दोन आठवडे राहिले आणि १ एप्रिलला परत आले. जाणं-येणं दीड महिना, प्रत्यक्ष काम पंधरा दिवस.

त्या पंधरा दिवसांचा वापर शिकण्यासारखा आहे. यंत्रविक्रेत्यांच्या दुकानांऐवजी ते ‘बायोस्कोप’ या व्यावसायिक साप्ताहिकाच्या कचेरीत गेले. मुंबईत बसून ते त्याचे वर्गणीदार होते, तीच ओळख. संपादक कॅबर्न यांनी आधी परावृत्तच केलं: भारताच्या हवेत हा उद्योग जमायचा नाही. माणूस हटत नाही आणि बोलतो ते नेमकं आहे हे पाहिल्यावर त्यांनीच फाळक्यांना ब्रिटिश चित्रपट निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्या वॉल्टनच्या स्टुडिओत नेलं. तिथे सगळे विभाग आणि त्यांचं काम जवळून बघायला मिळालं. कॅमेऱ्याची खरेदी त्यानंतर झाली. विल्यमसन कॅमेरा पन्नास पौंडांना, शिवाय भोकं पाडायचं यंत्र आणि कोडॅकची कच्ची फिल्म.

तेव्हा पौंडाला पंधरा रुपये पडत. म्हणजे कॅमेरा साडेसातशेचा, कर्जाच्या जेमतेम साडेसात टक्के. डोळ्यात भरणारं यंत्र खर्चाचा छोटा भाग असतं. प्रवास, कच्चा माल आणि उत्पन्नाविना चाललेलं घर हा मोठा भाग. आजही धंदा सुरू करणारा माणूस यंत्राचं कोटेशन घेऊन बँकेत जातो आणि ‘दोन वर्षं घर कशावर चालणार’ हा रकाना रिकामा ठेवतो.

तिसरी शंका: दुसरा माणूस यावर पैसा लावेल का? यंत्रं मे महिन्यात मुंबईला पोचली आणि जोडून झाली. सगळ्यांना माहीत असलेली वाटाण्याची फिल्म, ‘अंकुराची वाढ’, या टप्प्यावर येते. कुंडीत वाटाणे लावले, समोर कॅमेरा ठेवला, महिनाभरापेक्षा जास्त काळ चित्रण केलं आणि मिनिटभरात रोप उगवून वर येताना दाखवलं.

रोज एक चौकट (फ्रेम) घेतली, असं याबद्दल बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं आढळतं. ते गणितात बसत नाही. सेकंदाला १६ चौकटींच्या हिशेबाने मिनिटाला ९६० लागतात. रोज एक घेतली तर महिन्याच्या तीस चौकटी दोन सेकंदांत संपतील. मिनिटभराची फिल्म हवी तर दिवसाला तीसेक चौकटी, म्हणजे उजेडाच्या तासांत दर वीस-पंचवीस मिनिटांनी हँडल फिरवायला हवं, आणि तेही महिनाभर, प्रकाश आणि कॅमेऱ्याची जागा सांभाळून. सावकाराला ही फिल्म दाखवण्याचं वजन त्यातच आहे. चित्रण, धुणं, प्रिंट आणि प्रक्षेपण ही सगळी साखळी दादरच्या एका घरात चालते, आणि हा गृहस्थ कंटाळवाणं काम महिनाभर न चुकता करतो, हे दोन्ही त्या एका मिनिटात दिसत होतं. नट नाहीत, पोशाख नाहीत, कथा नाही. म्हणून खर्चही जवळपास नाही.

ती निवडक लोकांना दाखवली आणि कर्ज मिळालं. देणाऱ्यांत यशवंतराव नाडकर्णी होते. ते फोटोग्राफीच्या सामानाचे व्यापारी, म्हणजे पाहिलेल्या गोष्टीत काय अवघड आहे हे ओळखणारे. नमुना कोणाला दाखवायचा हा निर्णय नमुना बनवण्याइतकाच महत्त्वाचा असतो. नातेवाइकांना दाखवला की कौतुक किंवा काळजी मिळते. किंमत फक्त त्या कामाचा माहीतगार सांगतो.

विम्याच्या पॉलिसीचं काय झालं

बारा हजारांचा विमा फाळके गेले तर घर चालावं म्हणून होता. पॉलिसीवर कर्ज घेतलं की ती चालू राहते, पण मृत्यू झाला तर थकीत कर्ज आणि व्याज कापून उरलेलीच रक्कम वारसाला मिळते. म्हणजे बोट बंदरातून निघाली तेव्हा दुसऱ्या पत्नी सरस्वतीबाईंच्या मागे उभं असलेलं संरक्षण बारा हजारांवरून दोन हजारांच्या आत आलं होतं. धोका वाढायच्या नेमक्या वेळी छत्री विकली गेली होती.

आमच्या मते संपूर्ण योजनेतला हा एकच निर्णय चुकीच्या क्रमाने झाला, आणि काही वाईट घडलं नाही म्हणून तो बरोबर ठरत नाही. त्या काळी दुसरा पर्याय जवळजवळ नव्हता हे खरं. आज आहे. पॉलिसीवर कर्ज काढायचंच असेल तर आधी स्वतंत्र मुदत विमा (टर्म इन्शुरन्स) घ्यायचा, तो सुरू झाल्याचं पत्र हातात आलं की मग जुन्या पॉलिसीला हात लावायचा. नोकरीत असतानाच अर्ज करावा, कारण उत्पन्नाचा पुरावा राजीनाम्यानंतर अवघड होतो आणि उत्पन्न नसलेल्या माणसाला मोठ्या रकमेचा विमा द्यायला कंपन्या कचरतात. नोकरीतला समूह आरोग्य विमा शेवटच्या दिवसाबरोबर संपतो. त्याची पर्यायी पॉलिसी आधीच सुरू हवी, कारण आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षाकाळ सहसा पॉलिसी सुरू झाल्यावरच मोजायला लागतो.

कर्जाच्या आकाराचा अंदाज एका पगारावरून येतो. ‘हरिश्चंद्र’मध्ये तारामती झालेले अण्णा साळुंके ग्रँट रोडवरच्या एका उपाहारगृहात कामाला होते. तिथे महिना दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले. त्या पंधराच्या हिशेबाने दहा हजार म्हणजे पंचावन्न वर्षांचा पगार.

घर की कंपनी

‘राजा हरिश्चंद्र’ची लांबी ३,७०० फूट. फुटाला १६ चौकटी म्हणजे ५९,२०० चौकटी, सेकंदाला १६ च्या गतीने तासाभराचा चित्रपट. प्रक्षेपक जोरात फिरवला की कमी. कच्ची फिल्म भोकं न पाडलेली येई. दर चौकटीला प्रत्येक कडेवर चार, म्हणजे फुटाला ६४. एक निगेटिव्ह आणि एक प्रिंट धरली तरी एका कडेवर पावणेपाच लाखांच्या आसपास भोकं होतात, तीही अंधारात, आणि एक रांग तिरपी गेली की पडद्यावर चित्र थरथरतं. हे काम सरस्वतीबाई करत. फिल्म धुण्यात हातभार, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक, कपडे हेही त्याच बघत, आणि पैसे कमी पडले तेव्हा दागिनेही त्यांनीच दिले. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. कॅमेऱ्यामागे त्र्यंबक तेलंग होते. त्यांना फाळक्यांनी स्वतः शिकवलं होतं.

चित्रीकरण सातेक महिने चाललं. या काळात घराचा खर्च आणि चित्रपटाचा खर्च एकाच थैलीतून होत होता. सरस्वतीबाईंचे श्रम कुठल्याच वहीत नव्हते. चित्रपट चालला, म्हणून त्या वेळी काही बिघडलं नाही. पण एका चित्रपटाला खरोखर किती खर्च येतो हा आकडा त्यामुळे कधी तयारच झाला नसावा. न दिलेला पगार खर्चात धरला नाही तर धंदा नफ्यात दिसतो, आणि पुढचं बजेट त्या खोट्या नफ्यावर बेतलं जातं. कुटुंबाच्या श्रमावर उभ्या राहिलेल्या धंद्यात हा दोष इतका नेहमीचा आहे की दुसरी माणसं पगारावर ठेवायची वेळ येईपर्यंत तो दिसत नाही. उपाय सोपा आहे: घरचा माणूस करतो त्या प्रत्येक कामाला बाजारातला दर लावून ती रक्कम दर महिन्याला ‘देणं’ म्हणून वहीत लिहायची. द्यायची नसली तरी लिहायची.

१९१४ ची कोंडी

यश मिळाल्यावर मुक्काम नाशिकला हलला. आणखी दोन चित्रपट झाले आणि १९१४ मध्ये तिन्ही घेऊन फाळके पुन्हा लंडनला गेले. खेळ झाले, कौतुक झालं, तिथेच राहून काम करण्याचे प्रस्तावही आले. त्यांनी ते नाकारले. इकडे त्यांची माणसं कामावर होती आणि स्वदेशी उद्योग उभा करायचा हा मूळ हेतू होता. तेवढ्यात युरोपात महायुद्ध पेटलं आणि मुंबईत पैसे पुरवणाऱ्यांनी हात आखडला.

घोटाळा रचनेत होता. पगार आणि कच्ची फिल्म यांचा खर्च दरमहा, उत्पन्न मात्र चित्रपट लागला की एकदम आणि मग महिनोन्‌महिने शून्य. मधली दरी हप्त्याहप्त्याने मिळणाऱ्या कर्जावर भरायची, आणि तो हप्ता कधीही बंद करण्याचा अधिकार देणाऱ्याकडे. तीन यशस्वी चित्रपट देऊनही स्वतःची गंगाजळी नव्हती, कारण प्रत्येक यशाचा पैसा पुढच्या चित्रपटात जात होता. ध्येय मोठं असलेल्या माणसाला पैसा बाजूला पडून राहिलेला बघवत नाही. तो त्याला कामावर लावतो. सल्ला देणारे याला उधळेपणा म्हणतात, ते चूक आहे. उधळ्या माणसाला खर्च कमी कर म्हणून सांगता येतं. इथे खर्चाची प्रत्येक बाब समर्थनीय असते आणि शिल्लक तरीही शून्य. अशा माणसासाठी आकडा आधीच ठरवून तो हाताबाहेर ठेवावा लागतो: दोन उत्पन्नांमधलं आजवरचं सर्वांत लांब अंतर महिन्यांत मोजायचं, त्यात निम्मं आणखी मिळवायचं आणि तेवढ्या महिन्यांचा पक्का खर्च वेगळ्या खात्यात गेल्याशिवाय पुढच्या कामाची उचल करायची नाही. अंतर आठ महिने असेल तर बारा महिन्यांचा खर्च. ‘सहा महिन्यांचा राखीव निधी’ हा प्रचलित नियम पगारदारासाठी आहे.

१९१८ चा करार

१९१७ साली ‘लंकादहन’ प्रचंड चालला. आता भांडवलदार स्वतःहून येऊ लागले. लोकमान्य टिळकांसारख्यांनीही लिमिटेड कंपनीसाठी खटपट केली, ती फळाला आली नाही. १ जानेवारी १९१८ पासून फाळक्यांची कंपनी ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’मध्ये विलीन झाली. पैसा घालणारे अनेक भागीदार, वामन श्रीधर आपटे व्यवस्थापकीय भागीदार आणि फाळके कार्यकारी भागीदार.

‘श्रीकृष्णजन्म’ आणि ‘कालियामर्दन’ हे दोन्ही तुफान चालले. तरी वर्ष-दीड वर्षात संबंध ताणले गेले. भागीदारांची तक्रार खर्चाची आणि लागणाऱ्या दिवसांची. फाळक्यांना कामातली ढवळाढवळ सोसेना. ते कंपनी सोडून कुटुंबासह काशीला गेले आणि तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं. रंगमंचावर त्याला बेताचाच प्रतिसाद मिळाला. १९२२ मध्ये ते त्याच कंपनीत परतले, महिना एक हजार रुपयांवर.

भांडणाचा दोष कोणाच्या स्वभावावर टाकण्यात अर्थ नाही. १९११ मध्ये छापखाना सुटला तोही भागीदारांशी मतभेदामुळेच, आणि दोन्ही वेळी कारण एकाच जातीचं दिसतं: काम एकाचं, तिजोरी दुसऱ्याची, आणि वाद झाला तर कोणाचं चालेल हे आधी ठरलेलं नाही. छापखान्याच्या अनुभवातून फाळके यंत्रांबद्दल पुष्कळ शिकले, करारांबद्दल शिकले नसावेत. १९११-१२ मध्ये प्रत्येक शंका पैसे टाकण्याआधी तपासणारा माणूस १९१८ मध्ये यशाच्या भरात, आपली कंपनी, यंत्रं आणि आधीचे चित्रपट घेऊन आत शिरला. नमुन्यादाखल या मंडळींबरोबर एकच चित्रपट करून पाहायला हरकत नव्हती. वाटाण्याच्या फिल्मसारखंच, पण भागीदारीसाठी.

आज भारतात असा करार करणाऱ्याने भागीदारी कायदा, १९३२ ची काही कलमं तरी वाचावीत. कलम १२ प्रमाणे वेगळं ठरलेलं नसेल तर नित्याच्या बाबींतले मतभेद बहुमताने सुटतात. धंद्याचं स्वरूप बदलायला मात्र सर्वांची संमती लागते. बजेट आणि दिवस या नित्याच्याच बाबी. पाच पैसेवाले आणि एक कारागीर असेल तर कारागीर प्रत्येक वेळी हरणार, तेही पूर्ण कायदेशीरपणे. कलम १३ प्रमाणे प्रमाण लिहिलेलं नसेल तर नफा समान वाटला जातो आणि निव्वळ काम केल्याबद्दल भागीदाराला पगार मागता येत नाही. राबणाऱ्याने आपला मासिक मोबदला करारात स्वतंत्र लिहून घ्यायचा. कलम ३२ प्रमाणे मुदतीची भागीदारी असेल आणि करारात तरतूद नसेल तर बाकीच्या सर्वांच्या संमतीशिवाय निवृत्त होता येत नाही. लांब मुदत सही करताना सुरक्षित वाटते ती यामुळेच फसवी असते.

त्यामुळे पुढच्या गोष्टी लेखी हव्यात. एका कामाच्या मंजूर बजेटमध्ये किती टक्क्यांपर्यंत वाढ कारागीर स्वतःच्या अधिकारात करू शकतो. अंतिम स्वरूप कोणाच्या सहीने पक्कं होतं. भागीदार बाहेर पडला तर त्याच्या वाट्याचं मूल्य कोण, कोणत्या तारखेच्या ताळेबंदावरून काढणार आणि किती हप्त्यांत देणार. आधीची निर्मिती, नाव आणि यंत्रं कोणाकडे राहणार. बाहेर पडल्यावर तोच धंदा करायला किती काळ, कुठे मनाई. शेवटच्या मुद्द्यावर बहुतेक लोक लाजतात, कारण सुरुवातीलाच फारकतीची भाषा अशुभ वाटते. ती तेव्हाच करावी लागते. दोन्ही बाजूंना एकमेकांची गरज सारखीच असते असा तो एकच दिवस असतो.

बोलपटाची वेळ

मार्च १९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट आला. त्या सुमारास फाळके ‘सेतुबंधन’ हा मूकपट करण्यात गुंतलेले होते. काम दोनेक वर्षं रेंगाळलं, पैसे संपत आले, आणि पूर्ण झाला तोवर बाजारच बदलला होता. मागाहून त्याला आवाज जोडावा लागला. वीस वर्षांपूर्वी नवं तंत्र दिसल्याबरोबर सगळं बाजूला ठेवून आधी ते समजून घेणारा हाच माणूस. आता फरक होता तो अर्धवट कामाचा. रिकाम्या हाताच्या माणसाला नवं तंत्र संधी दिसते, अर्ध्या कामात अडकलेल्याला व्यत्यय. गेलेला पैसा परत येणार नाही हे कळूनही काम थांबवता येत नाही, कारण थांबवणं म्हणजे तो गेला हे जाहीर करणं.

लांब पल्ल्याच्या कामात म्हणून थांबण्याच्या अटी सुरुवातीला लिहून ठेवतात: अमुक तारखेपर्यंत इतकं झालं नाही, बजेटच्या दीडपट खर्च झाला, किंवा गिऱ्हाईक दुसरीच वस्तू मागू लागलं, तर आठवडाभर काम बंद आणि हिशेब पुन्हा. अट लिहिणारा आणि ती लागू झाली का हे बघणारा वेगवेगळा असलेला बरा.

फाळक्यांनी शेवटचा चित्रपट ‘गंगावतरण’ कोल्हापूरला, संस्थानच्या निमंत्रणावरून, बोलपट म्हणून केला. तो १९३७ मध्ये पडद्यावर आला तेव्हा ते सदुसष्ट वर्षांचे होते. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं. अखेरची वर्षं ओढगस्तीत गेली. केलेल्या चित्रपटांतून पुढे कायम काही मिळत राहील अशी व्यवस्था नव्हती. कार्यकारी भागीदार, मग पगारी दिग्दर्शक, मग निमंत्रित दिग्दर्शक. या प्रत्येक भूमिकेत मोबदला काम चालू असेपर्यंतच. निर्मितीचा हक्क एकदा कंपनीत गेला की निर्मात्याकडे फक्त पुढचं काम उरतं. आज लेखक, संगीतकार, सॉफ्टवेअर लिहिणारे, अभ्यासक्रम बनवणारे यांच्यासमोर हाच प्रश्न येतो. ठोक रक्कम आणि हक्काचा थोडा वाटा यांत निवड करायची असेल तर आधी बघायचं की पुढचे बारा महिने ठोक रकमेशिवाय निघतात का. निघत असतील तर वाट्यासाठी घासाघीस करायची. निघत नसतील तर ठोक रक्कम घ्यावी, पण हक्क कायमचा न देता ठरावीक वर्षांसाठी द्यावा आणि ती वर्षं आकड्यात लिहून घ्यावीत.